तेजोमेघाचा लाल रंग: फिल्टर काय करतो आणि फिल्मला काय सोसावं लागतं

२३ जून २०२५ ला चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं आपली पहिली छायाचित्रं जगासमोर ठेवली. त्यांतल्या एकात धनु राशीतले लगून आणि ट्रायफिड हे दोन तेजोमेघ शेजारीशेजारी होते. गुलाबी-लाल धुक्याचे लोट, एका बाजूला निळसर झाक, मधून गेलेल्या काळ्या धुळीच्या रेघा. सात तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन टिपलेल्या ६७८ चित्रांचं मिळून ते एक चित्र झालं होतं. इंदुरात तेव्हा पावसाळा सुरू होत होता, आभाळ भरलेलं होतं. शेजारच्या काकूंनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे खरंच वर असं आहे का रे, की कॉम्प्युटरवर रंग भरलेत? आणि खरं असेल तर आपल्या गच्चीवरून का दिसत नाही?"

तीस वर्षं आकाशाचे फोटो काढताना हा प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून आला आहे. आधी फिल्मच्या काळात, आता डिजिटलच्या. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. कॉलेजातली मुलं आजोबांचे जुने कॅमेरे माळ्यावरून काढून पुन्हा फिल्म भरू लागली आहेत आणि विचारतात, "काका, फिल्मवर तेजोमेघ येईल का? कोणता फिल्टर लावू?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, पण त्यासाठी थोडं मुळापासून जावं लागेल.

## मेघ उजळतो कशानं?

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या जागेत पसरलेला वायू आणि धूळ. वायू बहुतांशी हायड्रोजन. जवळपास एखादा फार तापलेला तरुण तारा असला की त्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते इलेक्ट्रॉन परत अणूत येऊन पायऱ्या उतरावे तसे खाली येतात आणि प्रत्येक पायरीला ठरलेल्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. त्यांतली एक पायरी ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश देते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये मावतो. या लाल रेषेला खगोलशास्त्रात एच-अल्फा म्हणतात. ऑक्सिजनच्या दोन हिरवट-निळ्या रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरला असतात.

म्हणजे असा मेघ सगळ्या रंगांत उजळत नाही. मोजक्या, सुईसारख्या बारीक रेषांमध्ये उजळतो. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला, तेव्हा इंद्रधनुष्याच्या पट्ट्याऐवजी त्यांना फक्त सुटी चमकदार रेघ दिसली. मेघ म्हणजे ताऱ्यांची दाटी नसून खरोखरीचा वायू आहे, हे त्या रेघेनं सांगितलं. हिरवट रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना म्हणून तिला 'नेब्युलियम' असं नवं नावही मिळालं होतं. ती साध्या ऑक्सिजनचीच आहे, पण अतिविरळ अवस्थेतल्या, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं.

दुसऱ्या जातीचे मेघ स्वतः उजळत नाहीत. त्यांच्यातली धूळ शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश परावर्तित करते. पणतीची ज्योत आणि पणतीमुळे उजळलेली चुन्याची भिंत, यांत जो फरक, तोच या दोन जातींत. भिंतीवर पणतीचेच सगळे रंग असतात. स्वतःची वेगळी रेषा नसते. धूळ निळा प्रकाश जास्त विखुरते म्हणून हे मेघ निळसर दिसतात. कृत्तिकांभोवतीचं धुकं या जातीचं आहे.

ट्रायफिडमध्ये हे दोन्ही शेजारीशेजारी आहेत. एक अर्धा स्वतः उजळणारा, लाल. दुसरा परावर्तित, निळा. पुढे हा मेघ आपल्याला परत परत लागणार आहे.

## रंग खरा, मग डोळ्याला का दिसत नाही?

कारण डोळ्याचं अंधारातलं काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी. त्यांना ५०० नॅनोमीटरच्या आसपासचं चांगलं दिसतं आणि एच-अल्फाच्या लालबाबत त्या जवळजवळ आंधळ्या आहेत. म्हणून दुर्बिणीतून मृगातला मोठा तेजोमेघ राखाडी, फार तर हिरवट दिसतो. तो हिरवटपणा ऑक्सिजनचा.

काकूंना मी हेच सांगितलं: लाल रंग भरलेला नाही, आपला डोळा तो गाळतो. एक खुलासा मात्र प्रामाणिकपणे करायला हवा. काही प्रसिद्ध चित्रांत रंग वाटून दिलेले असतात. हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या 'सृष्टीच्या स्तंभां'च्या चित्रात गंधकाच्या रेषेला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता, कारण गंधक आणि हायड्रोजन दोघेही मुळात लालच. एकमेकांपासून वेगळे दाखवायचे तर काहीतरी वाटप करावंच लागतं. ती फसवणूक नव्हे, पण ते डोळ्यानं पाहिलेल्या रंगाचं चित्रही नव्हे.

## शब-ए-मालवा आणि पांढरे दिवे

सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा असं म्हणत आलेत. माळव्याची रात्र खरंच तशी आहे. उन्हाळ्यातही अकरा वाजले की पठारावर वारा गार होतो. पण इंदूरच्या राजवाड्यापासून सराफ्याच्या खाऊगल्लीपर्यंत रात्री एक वाजता गराडू (तळलेला कंद) खात फिरताना वर पाहिलं तर आभाळ दुधट दिसतं. शहराचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आपटून परत खाली येतो.

फोटोत याचा परिणाम असा होतो: आपण शटर उघडं ठेवतो ते मेघाचा अंधूक प्रकाश साठावा म्हणून, पण त्याच्याबरोबर हा दुधट उजेडही साठत जातो. शहरातून साध्या फिल्मवर काही मिनिटांतच सगळी चौकट राखाडी होते. मेघ त्या राखाडीत असतो, पण बुडालेला. सराफ्याच्या गर्दीत कुणी तानपुरा छेडला तर सूर हवेत असतोच, फक्त ऐकू येत नाही, तसंच.

## "फिल्टर लावला की मेघ उजळ होतो ना?"

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. फिल्टर कधीही प्रकाश वाढवत नाही. तो फक्त कमी करतो. त्याची सगळी करामत कुठला प्रकाश कमी करायचा यात आहे.

साधं गणित करू. दिसणाऱ्या प्रकाशाचा पट्टा ३०० नॅनोमीटर रुंद धरा आणि शहराचा उजेड त्यात सारखा पसरलेला आहे असं समजा. एच-अल्फाभोवती फक्त ७ नॅनोमीटर रुंदीची फट ठेवणारा फिल्टर लावला तर शहराचा उजेड सुमारे चाळीस पटींनी उतरतो. मेघाची लाल रेषा मात्र त्या फटीतून जवळजवळ पूर्ण येते, कारण ती रेषा फटीपेक्षा कितीतरी बारीक आहे. मेघ होता तेवढाच राहिला. त्याच्याभोवतीचा गलका शांत झाला.

फिल्टर दोन जातींचे. पहिला रंगीत काचेचा किंवा जिलेटिनचा. तो एका बाजूचं सगळं अडवतो आणि दुसऱ्या बाजूचं सगळं सोडतो. कोडॅकच्या रॅटन मालिकेतले २५, २९ आणि ९२ हे लाल फिल्टर या जातीतले. क्रमांक वाढेल तसा लाल अधिक गडद. रॅटन २९ साधारण ६१० नॅनोमीटरच्या अलीकडचं अडवतो. पलीकडचं सगळं जातं, तेव्हा लाल बाजूला कुंपण नाही. दुसरा व्यतिकरण फिल्टर: काचेवर अतिपातळ थरांवर थर चढवून बनवलेला, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला, ७ किंवा ३ नॅनोमीटरची फट ठेवू शकणारा.

पहिल्या जातीला दुसरं कुंपण नाही, मग जुन्या लोकांचं भागलं कसं? इथे फिल्मवरचा लेप कामाला येतो. दुसरं कुंपण लेपच घालतो.

## लेपाचा बहिरेपणा

फिल्मवर जिलेटिनमध्ये चांदीच्या ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात. या प्रकाशसंवेदी थराला इमल्शन म्हणतात. मी लेपच म्हणेन. चांदीचं ब्रोमाइड स्वभावतः निळा आणि अतिनील प्रकाशच ओळखतं. हिरवा कळत नाही, लाल तर मुळीच नाही. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांना आढळलं की लेपात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर तो हिरव्याला आणि पुढे लालालाही जागा होतो. त्यानंतरच्या सगळ्या फिल्म या शोधावर उभ्या आहेत.

ज्यांनी जुन्या फोटो स्टुडिओची डार्करूम पाहिली आहे, त्यांना तिथला लाल दिवा आठवेल. त्या दिव्याखाली फोटोचा कागद खराब होत नसे, कारण त्या कागदाच्या लेपाला लाल दिसतच नव्हता. आता विचार करा: ज्या लेपासमोर लाल दिवा खुशाल जळू शकतो, त्याला आकाशातला लाल मेघ कसा दिसणार?

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. १९९६ च्या थंडीत इंदूरजवळच्या जानापावच्या बाजूला एका शेताच्या बांधावर मी एक तास शटर उघडं ठेवलं होतं. बाजारात सहज मिळणारी उत्तम कृष्णधवल फिल्म, त्यावर गडद लाल फिल्टर, समोर रोझेट तेजोमेघ. कॅमेरा आकाशाबरोबर नीट फिरत राहावा म्हणून डोळा मार्गदर्शक दुर्बिणीला लावून तासभर एक तारा तिच्यातल्या फुलीवर धरून ठेवला. घरी येऊन फिल्म धुतली तर काही पुसट तारे, बाकी कोरी. फिल्मच्या डब्यावर 'सर्व रंगांना संवेदनशील' असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं, पण 'सर्व' हा शब्द माणसांच्या चेहऱ्यांसाठी आणि बागेतल्या फुलांसाठी वापरलेला होता. अशा अनेक फिल्मची लालाची जाण ६५० नॅनोमीटरच्या आधीच ढासळते. माझा फिल्टर ६१० च्या पुढचं सोडत होता, फिल्म जेमतेम ६४० पर्यंत ऐकत होती. दोघांच्या मधली खिडकी होती, पण ६५६.३ त्या खिडकीबाहेर राहिला. तेव्हापासून कुणी "चांगला फिल्टर कोणता?" विचारलं की मी आधी विचारतो, "त्याच्यामागे काय लावणार आहेस?"

## एक तास म्हणजे पाच मिनिटं

समजा लेपाला ६५६.३ व्यवस्थित दिसतं. तरीही एक अडचण उरते, आणि फिल्मवर मेघ टिपणाऱ्यांची सगळ्यात जास्त शक्ती तिच्याशी झुंजण्यात गेली आहे.

आपल्या इथल्या कुठल्याही मराठी मंडळाची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. ठराव पास व्हायचा तर गणपूर्ती हवी. समजा चार सदस्य. लग्नसराई नसेल, हवा चांगली असेल तर चौघं पाच मिनिटांत जमतात आणि ठराव होतो. पण सदस्य अर्ध्या-अर्ध्या तासानं एकेक करून आले तर? पहिला येतो, वाट पाहतो, कंटाळून निघून जातो. मग दुसरा येतो. खोली रिकामी, तोही जातो. दिवसभरात दहा माणसं येऊन गेली तरी सभा होत नाही.

चांदीच्या ब्रोमाइडच्या स्फटिकात नेमकं हेच घडतं. प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. तो एकटा टिकत नाही, काही क्षणांत मोडून परत पूर्वीसारखा होतो. साधारण चार अणू एकत्र जमले की तो स्फटिक 'पक्का' होतो आणि फिल्म धुताना काळा पडतो. उन्हात प्रकाशकण धो धो येतात, गणपूर्ती लगेच होते. अंधूक मेघाचे प्रकाशकण इतके सावकाश येतात की आधीचा अणू मोडलेला असतो.

याचं गणित कार्ल श्वार्झशिल्ड यांनी विसावं शतक उजाडताना मांडलं. प्रकाश दुप्पट वेळ दिला तर परिणाम दुप्पट होत नाही. वेळेचा एखादा घात, एकापेक्षा लहान, धरावा लागतो. घात ०.७ असलेल्या फिल्मला एका सेकंदापासून मोजून एक तास दिला तर काम होतं जेमतेम ३०८ सेकंदांचं, म्हणजे पाच मिनिटांचं. तासातली पंचावन्न मिनिटं वाया. घात ०.९ असला तर तोच तास सुमारे साडेसव्वीस मिनिटांइतका भरतो. डब्यावरचा वेगाचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. दिवसा वेगवान असलेली फिल्म रात्री आळशी निघू शकते, हे अनेकांना पहिला रोल वाया गेल्यावर कळतं.

आता फिल्टर परत आठवा. फिल्टर शहराचा उजेड चाळीस पटींनी उतरवतो, म्हणजे चौकट राखाडी व्हायच्या आत आपण शटर मिनिटांऐवजी तासभर उघडं ठेवू शकतो. पण तो तास लेपाला सोसला पाहिजे. फिल्टर वेळ मागतो आणि लेप वेळ खातो. म्हणून या दोघांची तुलना वेगवेगळी करण्यात अर्थ नाही. कुठला फिल्टर कुठल्या लेपासमोर, हेच विचारावं लागतं.

लोकांनी यावर तीन उपाय काढले. पहिला, सभेला आलेला सदस्य बाहेर जाऊच नये अशी थंडी पाडायची: फिल्म शुष्क बर्फानं गोठवायची, म्हणजे एकटा अणू मोडायला जास्त वेळ लागतो. दुसरा, एक-दोन सदस्य आधीच खुर्चीवर बसवून ठेवायचे: फिल्म नायट्रोजन आणि थोड्या हायड्रोजनच्या मिश्रणात गरम करून ठेवायची. त्यानं लेपातली ओल आणि ऑक्सिजन निघतो आणि हायड्रोजन स्फटिकांत चांदीचे इवलेसे बीज पेरतो. शुद्ध हायड्रोजन हवेत मिसळला की स्फोटक ठरतो, तेव्हा घरच्या घरी याचा प्रयोग कुणीही करू नये. तिसरा उपाय कारखान्यातला: लेपच असा बनवायचा की तो सुरुवातीपासून लांब रात्रींसाठी असेल.

## पालोमरची जोडी

कोडॅकच्या शास्त्रीय पाट्यांच्या (फिल्मऐवजी काचेवर लेप चढवलेल्या) नावातलं छोटं 'ए' हे अक्षर या तिसऱ्या उपायाची खूण होतं: लांब प्रकाशनासाठी, म्हणजे शटर फार वेळ उघडं ठेवण्यासाठी, खास लेप. १०३ए-ओ हा निळ्याचा, १०३ए-ई लालाचा. मोठं अक्षर सांगायचं की लेप कुठल्या रंगापर्यंत ऐकतो. १०३ए-ई एच-अल्फाला जागा असे आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर संपत असे.

१९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमर डोंगरावर ४८ इंची श्मिट (आकाशाचा मोठा तुकडा एकदम टिपणाऱ्या) दुर्बिणीनं आकाशाची नोंद सुरू झाली. चौदा इंची काचेच्या पाट्या, आकाशाच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन: एक निळ्या लेपावर, एक लाल फिल्टर लावून लाल लेपावर. लाल फिल्टर एका बाजूनं कुंपण घाली, लेपाची मर्यादा दुसऱ्या बाजूनं. जुन्या लोकांचं भागलं ते असं. साध्या लाल फिल्टर आणि योग्य लेपाच्या जोडीतून त्यांना एच-अल्फाभोवतीची बऱ्यापैकी अरुंद खिडकी मिळाली, व्यतिकरण फिल्टरचा खर्च न करता.

दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या की मेघाची जात ओळखता येई. लालात ठळक आणि निळ्यात पुसट तो स्वतः उजळणारा हायड्रोजन. निळ्यात ठळक तो परावर्तित. स्ट्युअर्ट शार्पलेस यांनी याच पाट्या तपासून १९५९ मध्ये ३१३ हायड्रोजन मेघांची यादी केली. आजही मेघांच्या नावाआधी 'एसएच २' लिहितात, ते त्यांच्या या दुसऱ्या यादीतलं आहे. मला ही कामगिरी फार मोठी वाटते. एकही रंगीत चित्र न काढता, दोन कृष्णधवल काचांच्या फरकातून त्यांनी आकाशाचे रंग वाचले.

हौशी मंडळींच्या हातात या जातीचं जे आलं ते कोडॅकचं टेक्निकल पॅन. बारीक कण, लालाची जाण जवळपास ६९० नॅनोमीटरपर्यंत. तसंच वापरलं तर रात्री ते सुस्त, पण हायड्रोजनचा संस्कार केला की बदलून जायचं. त्याचं उत्पादन २००४ च्या सुमारास थांबलं.

## "मग सगळ्यात अरुंद फिल्टरच घ्यावा!"

३ नॅनोमीटरची फट ७ पेक्षा दुपटीनं गलका कमी करते, हे खरं. पण साबणाचा फुगा तिरका पाहिला की त्याचा रंग बदलतो ना? व्यतिकरण फिल्टरचंही तसंच. प्रकाश तिरका आला की त्याची फट निळ्याकडे सरकते. एफ २ सारख्या वेगवान, म्हणजे रुंद तोंडाच्या, लेन्समध्ये कडेचे किरण सुमारे चौदा अंशांनी तिरके येतात आणि फट ढोबळमानानं ५ नॅनोमीटर सरकते. फटच ३ ची असेल तर त्या किरणांतली एच-अल्फा बाहेर राहते. महागडा फिल्टर घेऊन मेघच गाळला जातो. ज्यांची लेन्स वेगवान, त्यांनी थोडी रुंद फट घ्यावी किंवा वेगवान लेन्ससाठीच बनवलेला फिल्टर शोधावा.

फिल्मवाल्यांना मी तर अतिअरुंद फिल्टरच्या वाटेला जाऊ नका असंच सांगतो. जितकी फट अरुंद तितका वेळ जास्त, आणि वेळ म्हणजे परत तीच अपुरी गणपूर्ती. गावाबाहेर जाऊन रॅटन २९ लावणं हे शहरातून अरुंद फट लावण्यापेक्षा फिल्मला जास्त मानवतं.

## "रस्त्यावर आता एलईडी आले, फिल्टर चालतो का?"

थोडं बरं, थोडं वाईट. जुन्या पाऱ्याच्या दिव्यांचा उजेड ठरावीक रेषांत असायचा, पिवळ्या सोडियम दिव्यांचा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. त्या अडवणारे 'प्रकाशप्रदूषण फिल्टर' तेव्हा छान काम करत. पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपास निळा उंचवटा आणि मग हिरव्यापासून लालापर्यंत सलग पसरलेला उजेड असतो. सलग पसरलेल्याला वेचून अडवता येत नाही. त्यामुळे जुने रुंद फिल्टर आता निकामी वाटतात. अरुंद एच-अल्फा फिल्टर मात्र टिकून आहे, कारण ६५६ ला एलईडीचा उजेड उतरणीला लागलेला असतो.

आणि निळ्या, परावर्तित मेघांसाठी कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, शहराचाही तसाच, चाळणार काय? कृत्तिकांभोवतीचं धुकं हवं असेल तर एकच उपाय, गाडीत बसून अंधारात जाणं.

## "सेन्सर असताना फिल्म कशाला?"

अंधूक मेघ टिपणं एवढाच हेतू असेल तर फिल्म घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. फिल्म शंभरातल्या एक-दोन प्रकाशकणांचीच नोंद करते, संस्कार केला तर थोडी अधिक; चांगला सेन्सर निम्म्याहून कितीतरी जास्त पकडतो. सेन्सरला गणपूर्तीची अट नाही. एकटा प्रकाशकण आला तरी त्याची हजेरी लागते आणि टिकते. म्हणून रुबिनसारखी शेकडो चित्रं घेऊन बेरीज करता येते. फिल्मवर दहा छोट्या प्रकाशनांची बेरीज एका मोठ्याइतकी होत नाही.

तरी लेपाचा बहिरेपणा सेन्सरलाही वेगळ्या रूपात लागतो. नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते, म्हणजे माणसांची कातडी लालभडक येऊ नये. ती काच एच-अल्फाचा मोठा हिस्सा, अनेकदा तीन चतुर्थांश, खाते. काकूंच्या नातवाच्या महाग कॅमेऱ्यात मृगाचा मेघ फिकट जांभळा का येतो, याचं उत्तर हे. कॅननचे २०डीए, ६०डीए, आरए आणि निकॉनचा डी८१०ए हे त्या काचेत बदल करून खास आकाशासाठी आणलेले कॅमेरे होते.

शिवाय जुन्या पाट्या आजही कामाच्या आहेत. हार्वर्डमध्ये अशा पाच लाखांहून अधिक काचा जपलेल्या आहेत. १८८८ मध्ये तिथल्याच एका पाटीवर विल्यमिना फ्लेमिंग यांना अश्वमुख तेजोमेघाची ती काळी खाच पहिल्यांदा दिसली. त्या रात्रीचं आकाश परत कुणी टिपू शकणार नाही. ते फक्त त्या काचेवर आहे.

ज्यांना तरीही फिल्म वापरायची ओढ आहे, त्यांनी उत्पादकाच्या माहितीपत्रकातले दोन आलेख पाहावेत: लेप कुठल्या तरंगलांबीपर्यंत ऐकतो आणि लांब प्रकाशनात किती सुस्तावतो. फुजीची अ‍ॅक्रॉस लांब प्रकाशनात फार कमी थकते, पण एच-अल्फाला तिचा कान कच्चा. ताऱ्यांसाठी आणि आकाशगंगेच्या पट्ट्यासाठी उत्तम, लाल मेघांसाठी नाही. एका गुणावर भुलू नये. दोन्ही आलेख ६५६.३ ची रेघ मारून पाहावेत.

## मोहरी आणि मसूर

जानापावच्या कोऱ्या फिल्मनंतर दोन वर्षांनी माझ्या आत्येभावानं अमेरिकेहून टेक्निकल पॅनचे दोन रोल आणले. १९९८ ची फाल्गुन अमावास्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदली पहाट. मांडूच्या रस्त्याला, गहू कापून मोकळ्या झालेल्या शेतात मी कॅमेरा लावला. २०० मिलिमीटरची लेन्स, रॅटन २९, पावणेचार ते पावणेपाच. इंदूरच्या अक्षांशावरून लगून आणि ट्रायफिड दक्षिणेला चाळीस अंशांच्या थोडं वर चढतात. त्या वेळी ते त्याच्या जवळ पोचत होते.

ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. भिंगाखाली धरली की लगून मसुराएवढा दिसतो, कडांना पुसट होत गेलेला. त्याच्या वरच्या बाजूला ट्रायफिड, मोहरीहूनही लहान. काकूंनी रुबिनचं चित्र दाखवलं त्या रात्री मी निगेटिव्ह काढली आणि फोन तिच्याशेजारी ठेवला. दोन्हींत लाल अर्धा जुळतो. निळ्याच्या जागी माझ्या फिल्मवर फक्त काचेसारखं स्वच्छ जिलेटिन आहे. काकूंनी भिंग हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग हा निळा अर्धा गेला कुठे?" मी कपाटातून तो लाल फिल्टर काढला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरून बाहेरच्या निळ्या शेडकडे बघायला सांगितलं. शेड काळी दिसली.